वाचनालयाचा देवघेव प्रोग्रॅम: पायथॉनसाठी जीयूआय टूलकिटची निवड

२ जून २०२५

गाभा तयार आहे. दाखल नोंदवही, सभासद, देवघेव आणि थकीत पुस्तकं, चारही तक्ते एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये आहेत आणि पायथॉन ३.१२ मधून चालतात. आता वर खिडक्या आणि बटणं बसवायची. त्यासाठी लागणारं तयार साहित्य म्हणजे जीयूआय टूलकिट.

यंत्रं तीन तऱ्हेची. काउंटरवर ६४-बिट विंडोज १०, मागच्या खोलीत ३२-बिट विंडोज ७ चा एक जुना संगणक (प्रोसेसर ६४-बिट, रॅम २ जीबी), आणि वाचन कक्षात उबुंटू २२.०४. घरी बसून नोंदी करणाऱ्या एकाकडे मॅक आहे.

विचारात घेतलेली टूलकिटं: टीकेइंटर, डब्ल्यूएक्सपायथॉन, पायक्यूटी आणि पायसाइड, जीटीके (पायजीऑब्जेक्टमधून), किवी. डिअर पायगुई यादीतून लगेच काढलं. त्याच्या मुळाशी असलेल्या डिअर इमगुईत देवनागरीसारख्या लिपीची अक्षरं जुळवण्याची सोयच नाही.

दिसायला सुंदर काय, हा प्रश्न शेवटी. पुस्तकाचं नाव बरोबर दिसणं, बरोबर टाइप होणं, बरोबर सापडणं या तीन गोष्टी आधी.

३ जून

चाचणीचा कागद केला. प्रत्येक टूलकिटमध्ये एक लेबल, एक ओळीची टाइप-चौकट आणि पाच रांगांचा तक्ता, तिन्हीत हेच शब्द:

किल्ली, विद्यार्थी, दुसऱ्या, कर्तृत्व, क्षितिज, शृंगार, मूर्तींच्या, ॲल्युमिनियम, लव्हाळा.

शब्द मुद्दाम निवडलेत. ‘किल्ली’त पहिली वेलांटी आहे, ती साठवली जाते क नंतर, पण दिसायला हवी क च्या आधी. ‘विद्यार्थी’त जोडाक्षर आणि रफार दोन्ही. ‘दुसऱ्या’त मराठीचा खास अर्धा र. ‘मूर्तींच्या’त रफार, दुसरी वेलांटी आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या डोक्यावर बसतात, खाली ऊकार वेगळाच. चौकटीची उंची कमी पडली तर पहिला बळी हाच शब्द.

५ जून: टीकेइंटर

पायथॉनच्या प्रमाण संग्रहातच येतं, हा त्याचा मोठा गुण. विंडोजवर पायथॉनच्या इन्स्टॉलरसोबत टीके ८.६ (टीकेइंटरच्या खालचं मूळ टूलकिट) मिळतं. उबुंटूवर मात्र ‘पायथॉन३-टीके’ हे पॅकेज वेगळं घ्यावं लागतं, नाहीतर ‘मॉड्यूल सापडत नाही’ अशी चूक येते.

विंडोजवर कागद जवळजवळ पूर्ण पास. मॅकवरही. उबुंटूवर नापास, आणि तोही वाईट रीतीने: ‘किल्ली’तली पहिली वेलांटी क च्या उजवीकडे पडते, म्हणजे वाचणाऱ्याला ती पुढच्या अक्षराची वाटते. जोडाक्षरं जुळत नाहीत, प्रत्येक ठिकाणी पाय मोडलेलं अक्षर सुटं दिसतं.

कारण सरळ आहे. विंडोजवर टीके अक्षरं काढायचं काम सिस्टिमवर सोपवतं आणि सिस्टिमला देवनागरी जुळवता येते. मॅकवर तेच काम कोअर टेक्स्ट करतं. लिनक्सवर टीके ८.६ एक्सएफटी ही अक्षरं काढणारी लायब्ररी वापरतं. ते प्रत्येक कोडसाठी (साठवलेल्या एकेका युनिकोड चिन्हासाठी) फॉन्टमधला एक आकार उचलतं आणि डावीकडून उजवीकडे ठेवत जातं. फॉन्टमधले जोडणीचे नियम कोणी वाचतच नाही, त्यामुळे फॉन्ट बदलून हा दोष जात नाही. नोटो, लोहित, दोन्ही लावून पाहिले, तेच.

यात खरा सापळा असा की विंडोजवर काम करणाऱ्याला हे कधीच कळत नाही. प्रोग्रॅम तिथे नीट दिसतो, वाटला जातो, आणि तक्रार येते ती लिनक्सवाल्याकडून.

आणखी एक: विंडोजवर मोठ्या रिझोल्यूशनच्या पडद्यावर टीकेची खिडकी धूसर दिसते. पायथॉनच्या सीटाइप्समधून डीपीआयची (पडद्याच्या घनतेची) जाणीव प्रोग्रॅमला आधी करून दिली की अक्षर ठसठशीत होतं. हे काम पहिली खिडकी उघडण्याआधी करायचं. नंतर केलं तर उपयोग नाही.

टीकेइंटर बाद. छोट्या, फक्त विंडोजवरच्या साधनासाठी आजही तेच घेऊ.

६ जून: किवी

पहिल्या फटक्यात सगळीकडे चौकोन. किवीचा मूळ फॉन्ट रोबोटो, त्यात देवनागरी नाही. नोटो सान्स देवनागरी दिल्यावर अक्षरं आली, पण लिनक्सवरच्या टीकेसारखीच सुटी. पँगो (मजकूर मांडणारी लायब्ररी) वापरणारा मजकूर-भाग किवीत आहे, पण तो चालू करायला किवी मूळ सोर्सपासून स्वतः बांधावी लागते आणि तीही प्रत्येक सिस्टिमवर. शिवाय सगळं ओपनजीएलवर रंगवलेलं असल्याने स्क्रीन रीडरला (अंधांना पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) चौकटीत काय आहे ते कळत नाही. फोनसाठी असतं तर गोष्ट वेगळी होती. बाद.

९ जून: जीटीके

मजकुरात याला तोड नाही. पँगो आणि अक्षरं जुळवणारं हार्फबझ मिळून कागदावरचा प्रत्येक शब्द उबुंटूवर पहिल्याच वेळी बरोबर. आयबस या लिनक्सवरच्या टायपिंगच्या सोयीतून टाइप करतानाही अडचण नाही.

अडचण विंडोजवर. तिथे नेहमीची वाट एमएसवायएस२ या पॅकेज-संचाची, आणि त्यात पायथॉनही त्याचाच येतो. आपला नेहमीचा पायथॉन, त्यात बसवलेली पॅकेजेस, सगळं बाजूला राहतं. प्रोग्रॅमची पिशवी (वाटायचा तयार संच) बांधताना डझनावारी डीएलएल, आयकॉनचा संच, स्कीमा फाइली सोबत न्याव्या लागतात. एखादी राहिली तर खिडकी उघडते पण चिन्हं गायब, किंवा फाइल निवडायची खिडकी उघडताच प्रोग्रॅम पडतो.

स्क्रीन रीडरसाठी जीटीकेची मूळ मांडणी लिनक्सभोवतीच उभी आहे. इतर सिस्टिमच्या स्क्रीन रीडरशी बोलणाऱ्या ॲक्सेसकिटची जोड जीटीके ४.१८ मध्ये, म्हणजे मार्च २०२५ मध्ये आली. सगळी यंत्रं लिनक्स असती तर निवड इथेच संपली असती.

११ जून: डब्ल्यूएक्सपायथॉन

डब्ल्यूएक्सपायथॉनच्या मुळाशी असलेल्या डब्ल्यूएक्सविजेट्सचं काम १९९२ मध्ये एडिनबर्गला सुरू झालं. तत्त्व तेव्हापासून एकच: बटण स्वतः रंगवायचं नाही, सिस्टिमकडून मागून घ्यायचं. त्यामुळे विंडोजवर विंडोजचं, लिनक्सवर जीटीकेचं, मॅकवर कोकोआचं बटण मिळतं आणि देवनागरी जुळवणं ज्या त्या सिस्टिमकडे जातं. कागद तिन्हीकडे पास.

अंध वाचकांना विंडोजवर ज्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरचा आधार असतो, त्याच्या स्वतःच्या खिडक्या डब्ल्यूएक्सपायथॉनमध्येच लिहिलेल्या आहेत. स्क्रीन रीडरच्या बाबतीत याहून मोठी पावती कोणती!

तोटा बसवण्यात. विंडोज आणि मॅकवर पिप (पायथॉनची पॅकेजेस बसवणारं साधन) एका आज्ञेत काम करतं. लिनक्सवर पिप मूळ सोर्स आणतं आणि बांधायला बसतं. जीटीकेची विकास-पॅकेजेस नसतील तर बराच वेळ चालून चुकीवर थांबतं. यावर दोन उपाय: वितरणाचंच पॅकेज घ्यायचं (उबुंटूवर ‘पायथॉन३-डब्ल्यूएक्सजीटीके४.०’), किंवा प्रकल्पाच्या वेगळ्या जागेवर वितरणवार ठेवलेलं तयार व्हील (बांधून ठेवलेलं पॅकेज) उचलायचं. पहिल्या उपायात व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पापुरती वेगळी पायथॉनची जागा) करताना सिस्टिमची पॅकेजेस दिसू द्यावी लागतात.

दुसरा तोटा रोजच्या कामातला. प्रत्येक सिस्टिमचं बटण वेगळं म्हणजे उंची वेगळी, कडेची जागा वेगळी. विंडोजवर बेतशीर बसलेला फॉर्म जीटीकेवर ओसंडतो. मापं पिक्सेलमध्ये कुठेही लिहायची नाहीत, सगळं सायझरवर (जागा आपोआप वाटणाऱ्या मांडणीवर) सोडायचं; तरी तीन ठिकाणी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खात्री नाही.

यादीत ठेवलं.

१३ जून: पायक्यूटी की पायसाइड

दोन्हींच्या खाली क्यूटी हेच मूळ टूलकिट आहे, म्हणून आधी परवाना.

पायक्यूटी: जीपीएल आवृत्ती ३ (वाटलेला सगळा प्रोग्रॅम खुला ठेवायला लावणारा परवाना) किंवा पैसे भरून व्यावसायिक. पायसाइड: एलजीपीएलही (त्याचा सैल प्रकार) चालतो. आपला प्रोग्रॅम खुला आहे, त्यामुळे दोन्ही चालले असते. पण पुढे एखाद्या संस्थेने यात आपला बंद भाग जोडायचं म्हटलं तर पायक्यूटीने हात बांधले जातात. एलजीपीएल पाळायचा म्हणजे क्यूटीच्या फाइली सुट्या ठेवायच्या, वापरणाऱ्याला त्या बदलता आल्या पाहिजेत, परवान्याचा मजकूर सोबत द्यायचा.

कोडमध्ये फरक थोडा. पायक्यूटी६ मध्ये प्रत्येक स्थिरांकाचं पूर्ण घराणं (तो कोणत्या गटातला ते) लिहावं लागतं, सिग्नलचं (एका भागाने दुसऱ्याला पाठवायच्या संदेशाचं) नाव वेगळं. एकातून दुसऱ्यात जायला आपल्याएवढ्या कोडला एक दिवस पुरतो. म्हणून पायसाइड६ घेऊन पुढची चाचणी.

बसवताना नुसतं ‘पायसाइड६’ मागू नये. त्यासोबत ‘ॲडऑन्स’ येतं, त्यात वेब इंजिन, थ्रीडी, आलेख असं बरंच काही. ते व्हील एकटंच शंभर एमबीहून मोठं आहे. ‘पायसाइड६-एसेन्शियल्स’ मागितलं की विजेट्स, छपाई, एसक्यूएल, एसव्हीजी सगळं मिळतं. आपल्याला तेवढंच लागतं.

१४ जून

उबुंटूवर प्रोग्रॅम सुरूच होईना: ‘एक्ससीबी प्लगइन लोड करता आला नाही.’ या चुकीवर लोक क्यूटी काढून पुन्हा टाकत बसतात. क्यूटी ६.५ पासून ‘लिबएक्ससीबी-कर्सर०’ हे पॅकेज सिस्टिमवर असावं लागतं आणि ते व्हीलसोबत येत नाही. उबुंटूच्या एपीटी या आज्ञेने ते टाकलं, सुरू झालं. इन्स्टॉलच्या सूचनांत ही ओळ पहिली.

१६ जून: पायसाइड, कागद आणि टायपिंग

क्यूटी स्वतःच हार्फबझ वापरतं, त्यामुळे तिन्ही सिस्टिमवर जुळवणी एकाच पद्धतीने होते. नऊपैकी नऊ शब्द बरोबर. फक्त फॉन्ट तीन ठिकाणी तीन (विंडोजवर निर्मला, मॅकवर कोहिनूर, उबुंटूवर जो असेल तो), त्यामुळे ओळींची उंची वेगळी. नोटो सान्स देवनागरी सोबत देऊन सुरुवातीलाच नोंदवला. त्याचा परवाना ओएफएल (फॉन्टसाठीचा खुला परवाना) आहे, वाटायला हरकत नाही.

‘मूर्तींच्या’चं डोकं एका ठिकाणी कापलं गेलं. दोष क्यूटीचा नव्हता. शैलीपत्रकात चौकटीची उंची २४ पिक्सेल बांधली होती. इंग्रजी अक्षराला ती पुरते. बांधलेली उंची काढली, वरखाली ४-४ पिक्सेलची पॅडिंग दिली.

टायपिंग: विंडोजवर मराठी इनस्क्रिप्ट ठीक. उबुंटूवर आयबससाठीचा प्लगइन व्हीलमध्येच येतो, एम१७एनची मराठी मांडणी चालली. आयबसऐवजी एफसीआयटीएक्स वापरणाऱ्यांसाठी तसा प्लगइन व्हीलमध्ये नाही.

कर्सर अख्ख्या अक्षरावरून उडी मारतो. बॅकस्पेस मात्र एक कोड पुसतो आणि डिलीट अख्खं अक्षर. म्हणजे ‘क्षि’ नंतर बॅकस्पेस मारला की वेलांटी जाते, ‘क्ष’ राहतो. आधी उभं राहून डिलीट मारलं तर सगळं जातं. चूक समजून कोणी दुरुस्त करायला जाऊ नये, टाइप करणाऱ्यांना हेच सोयीचं पडतं.

कमाल लांबीची मर्यादा मात्र कोड मोजते. ‘क्षितिज’ डोळ्यांना तीन अक्षरं, मोजणीत सात. सभासदाच्या नावाला ३० ची मर्यादा होती. लांब आडनावं शेवटच्या जोडाक्षरात तुटत होती. मर्यादा १२० केली.

१८ जून: अंक

डीफॉल्ट लोकेल (भाषा आणि प्रदेशाची निवड) मराठी-भारत केलं. आकड्यांच्या चौकटी लगेच १, २, ३ देवनागरीत दाखवू लागल्या. मराठी लोकेलचे मूळ अंक देवनागरीच आहेत. हिंदीत तसं होत नाही.

आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. सीएसव्ही (स्प्रेडशीटला वाचता येणारी साधी मजकूर-फाइल) बाहेर काढणारा भाग त्याच लोकेलमधून आकडे लिहीत होता, आणि स्प्रेडशीटने त्यांची बेरीज करायला नकार दिला. नियम ठरवला: डोळ्यांसाठी मराठी लोकेल, फाइलीसाठी नेहमी ‘सी’ लोकेल (साधे रोमन अंक). सीएसव्ही ‘यूटीएफ-८-सिग’ने लिहायची, सुरुवातीची खूण नसेल तर एक्सेल मराठी अक्षरांचा चिवडा करतं. विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग न सांगितल्यास पायथॉन सिस्टिमचं जुनं कोडपेज धरतो, तेव्हा प्रत्येक ठिकाणी यूटीएफ-८ स्पष्ट लिहायचं.

पिनकोडची तपासणी दोन जागी होती आणि दोघींचं पटत नव्हतं. पायथॉनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुराचा नमुना तपासणाऱ्या सोयीतला) ‘अंक’ देवनागरी अंकही धरतो. क्यूटीचा तसा धरत नाही, त्याला युनिकोडचा पर्याय वेगळा चालू करून द्यावा लागतो. म्हणून चौकटीत दोन्ही पट्टे उघड लिहिले: रोमन शून्य ते नऊ आणि देवनागरी शून्य ते नऊ, सहा वेळा. आत साठवताना रोमन. पायथॉनचा ‘इंट’ देवनागरी अंक थेट वाचतो, पण आयएसबीएनला तो लावू नये. तिथे मजकूर म्हणून अंकन्‌अंक बदलायचा.

१९ जून: बारकोड स्कॅनर

स्कॅनर म्हणजे कळफलकच. कोड वाचतो, कळा दाबतो, शेवटी एंटर मारतो. मराठी मांडणी चालू असेल तर रोमन अक्षराच्या कळेतून देवनागरी अक्षर उमटतं. आपल्या जुन्या चिठ्ठ्यांवर दाखल क्रमांकाआधी एक रोमन अक्षर होतं, त्याचं भलतंच काही होत होतं.

नव्या चिठ्ठ्यांवर फक्त अंक. आयएसबीएनला प्रश्न नाही, १३ अंकच असतात (भारतातली पुस्तकं ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतात) आणि तेरावा तपासणीचा अंक चुकीचं वाचन पकडतो. एंटरमुळे फॉर्मचं मुख्य बटण दाबलं जाऊन अर्धवट नोंद जतन होत होती. स्कॅनच्या चौकटीने एंटर स्वतःकडे ठेवून फोकस पुढच्या चौकटीवर द्यायचा, आणि संवादाच्या बटणांचा ‘ऑटोडीफॉल्ट’ बंद.

२१ जून: अकारविल्हे आणि शोध

तक्त्याच्या मथळ्यावर टिचकी मारली की ‘बाळ’ हे ‘बाव’च्या आधी. युनिकोडमध्ये ळ चा क्रमांक ल आणि व यांच्या मध्ये आहे. मराठी वर्णमालेत ळ ह नंतर, मग क्ष, ज्ञ. क्यूटीत लोकेलप्रमाणे लावायची सोय आहे, पण ती ज्या त्या सिस्टिमच्या क्रमावर अवलंबून. विंडोजवर एक यादी आणि लिनक्सवर दुसरी नको.

म्हणून क्रमाची किल्ली (फक्त क्रम लावण्यासाठी शब्दाचं बदललेलं रूप) स्वतः बनवली. पहिला प्रयत्न चुकला: ळ ला युनिकोडच्या खासगी पट्ट्यातला मोठा क्रमांक दिला, आणि ‘कळ’ हा ‘का’च्या पुढे गेला. व्यंजनांचे क्रमांक काना-मात्रांच्या आधी राहायला हवेत. ह आहे यू+०९३९ वर, काना यू+०९३ई वर. मधले ०९३ए, ०९३बी आणि ०९३सी अनुक्रमे ळ, क्ष, ज्ञ यांना दिले. पहिले दोन काश्मिरीच्या चिन्हांचे आहेत, तिसरा नुक्त्याचा. किल्लीत ते दिसत नाहीत आणि आपल्या नोंदींत लागत नाहीत. ‘ॲ’चा क्रमांक पार शेवटी आहे, त्याच्या जागी किल्लीत ‘ऍ’ धरला म्हणजे तो स्वरांत येतो. ‘ऱ’ला र.

क्रम महत्त्वाचा: आधी एनएफसी (युनिकोडचं जोडलेलं प्रमाण रूप), मग सुटे नुक्ते काढायचे, मग हे बदल. उलट केलं तर ज्ञ च्या जागी ठेवलेला क्रमांकच पुसला जातो.

ही किल्ली एसक्यूलाइटला कोलेशन (क्रम लावायचा नियम) म्हणून दिली आणि तक्त्याला वेगळ्या रोलमधून (खान्यामागे ठेवलेल्या, न दिसणाऱ्या माहितीतून). लोकेलप्रमाणे लावायचा पर्याय बंद.

शोधात याहून वाईट दोष सापडला. ‘दुसऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो: ऱ आणि हलंत, किंवा र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखेच. एनएफसी त्यांना एक करत नाही, त्यामुळे पुस्तक कपाटात असून शोधात मिळत नाही. ‘ॲ’चंही तसंच: कुणी एक कोड टाइप करतं, कुणी अ वर चंद्र देतं. शोधाचा वेगळा स्तंभ केला, त्यात सगळं एका रूपात आणून ठेवतो. शोधशब्दही त्याच चाळणीतून जातो.

टूलकिट कोणतंही घेतलं असतं तरी हे काम गाभ्यातच करावं लागलं असतं. म्हणून तो कोड खिडक्यांच्या फोल्डरमध्ये नाही.

२३ जून: निर्णय

पायसाइड६, शाखा ६.८. विजेट्स वापरायची, क्यूएमएल (खिडक्या लिहायची क्यूटीची वेगळी भाषा) नाही. आपले फॉर्म आणि तक्ते विजेट्समध्ये निम्म्या कष्टात होतात.

डब्ल्यूएक्सपायथॉन थोडक्यात मागे राहिलं. स्क्रीन रीडरमध्ये ते सरस, पण लिनक्सवरचं बसवणं आणि तीन ठिकाणी तीन मापं हा खर्च दर आवृत्तीला पडणार होता. कोड असा लिहायचा की गाभ्यात क्यूटीचं एकही नाव येणार नाही. उद्या बदलावं लागलं तर फक्त वरचा थर जाईल.

विंडोज ७ चा संगणक: क्यूटी ६ ला विंडोज १० लागतं, ३२-बिट व्हील नाही, आणि विंडोज ७ वर चालणारी शेवटची पायथॉन मालिका ३.८, तिचा सांभाळ ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला. त्यावर ६४-बिट डेबियन १२ टाकायचं.

२५ जून: एनव्हीडीए

फॉर्म वाचला गेला. तक्त्यात थकीत पुस्तकाची रांग फक्त लाल रंगाने दाखवली होती. रंग कोणी वाचून दाखवत नाही. ‘थकीत, १२ दिवस’ असा मजकूर ॲक्सेसिबल टेक्स्टच्या रोलमधून दिला. प्रत्येक चौकटीला तिच्या लेबलचा ‘बडी’ जोडला, नाहीतर नुसतं ‘एडिट’ एवढंच ऐकू येतं.

२७ जून: पिशवी बांधणं

पिशवी बांधणारं पायइन्स्टॉलर एका सिस्टिमवरून दुसरीची फाइल बनवत नाही. तीन सिस्टिम, तीन बांधण्या.

‘वनफाइल’ (सगळं एकाच फाइलीत) घेतलं नाही. दर वेळी सगळं तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतं, जुन्या डिस्कवर सुरू व्हायला वेळ खातं, अँटिव्हायरस त्याच्यावर जास्त संशय घेतो. ‘वनडिर’मध्ये (सगळं एका फोल्डरमध्ये) क्यूटीच्या फाइली सुट्या राहतात, एलजीपीएलचंही काम होतं.

लिनक्सची बांधणी आधी उबुंटू २४.०४ वर केली होती. डेबियन १२ वर ती जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) जुनी असल्याचं सांगून थांबली. २४.०४ वर जीलिबसी २.३९, डेबियन १२ वर २.३६. नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालत नाही, उलट चालतं. आता उबुंटू २२.०४ वर (२.३५) बांधतो.

विंडोजवर कन्सोल नसलेल्या बांधणीत मानक आउटपुट अस्तित्वातच नसतं. त्यावर थेट लिहिणारी एक ओळ होती, प्रोग्रॅम गुपचूप पडत होता. सगळी नोंद लॉग फाइलीत वळवली.

३० जून

जुन्या याद्या आयात करताना खिडकी गोठत होती. वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये (समांतर चालणाऱ्या धाग्यात), पडद्याला हात फक्त मुख्य थ्रेडचा, मधे सिग्नल. एसक्यूलाइटचं कनेक्शन ज्या थ्रेडमध्ये उघडलं त्याच थ्रेडमध्ये वापरायचं, म्हणून आयातीसाठी स्वतंत्र कनेक्शन.

उरलेलं: चिठ्ठ्यांची छपाई (ए४ वर ३ बाय ८), संवादांच्या बटणांवर ‘जतन करा’ आणि ‘रद्द’ हे शब्द स्वतः देणं, मॅकच्या बांधणीवर सही.